सूर्य मध्यात नाही: ग्रहांच्या कक्षा आणि त्यांचे दोन अक्ष

नवतपा लागला की नागपुरात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आता नऊ दिवस सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो." पानठेल्यावर, कूलरच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, कुठेही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि तिथून नवतपा धरतात, हे खरं. ऊन अंग भाजून काढतं, हेही खरं. पण त्या दिवसांत सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी १५ लाख किलोमीटरवर असतो आणि रोज आणखी थोडा दूर जात असतो. तो आपल्या सगळ्यात जवळ असतो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नागपूरकर स्वेटर घालून उन्हात बसायला जागा शोधत असतात तेव्हा. त्या वेळी अंतर असतं १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. नवतप्यातल्या अंतरापेक्षा तब्बल ४४ लाख किलोमीटर कमी.

हे सांगितलं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे ना? मग जवळ-दूर होणारच!" होणार. मात्र हे म्हणताना डोळ्यांसमोर जे चित्र असतं, तेच गडबड करतं. पुस्तकात पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी चपटी काढलेली असते आणि सूर्य कुठेतरी मधोमध. त्या चित्रावर विश्वास ठेवला तर पृथ्वी वर्षातून दोनदा सूर्याजवळ यायला हवी आणि दोनदा लांब जायला हवी, कारण चपट्या आकाराच्या मध्यापासून दोन बाजू जवळ असतात आणि दोन लांब. प्रत्यक्षात वर्षातून एकदाच जवळ, एकदाच लांब. म्हणजे चित्रात काहीतरी मुळातच चुकतंय. ते काय, हे समजून घ्यायला लंबवर्तुळाचे दोन अक्ष पुरतात आणि गणित दहावीच्या पलीकडचं लागत नाही.

कागदावर वाचण्यापेक्षा हे करून बघणं चांगलं. सव्वा मीटरचा प्लायवुडचा तुकडा, दोन खिळे, पेन्सिल आणि पतंगाची सद्दी. सुतळी घेऊ नका, ती ताणली की लांबते. सद्दीची दोन टोकं दोन खिळ्यांना बांधायची, अशी की खिळ्यापासून खिळ्यापर्यंत दोरा बरोबर १ मीटर भरेल. खिळे एकमेकांच्या जवळ ठोकायचे, दोरा सैल लोंबेल, त्यात पेन्सिल अडकवून दोरा ताठ ठेवत ती फिरवायची. खिळ्यांपाशी दोरा अडतो, म्हणून अर्धी बाजू काढून झाली की दोरा पलटून दुसरी अर्धी काढायची. तयार होतं ते लंबवर्तुळ. दोन खिळे म्हणजे त्याच्या दोन नाभी. सूर्य असतो त्यांपैकी एका खिळ्याच्या जागी. दुसऱ्या खिळ्याच्या जागी काहीही नसतं, रिकामी जागा. केप्लरचा पहिला नियम एवढंच सांगतो.

आता या आकृतीत दोन रेघा मारायच्या. दोन्ही खिळ्यांतून जाणारी, या कडेपासून त्या कडेपर्यंतची रेघ म्हणजे दीर्घाक्ष. तिच्या बरोबर मध्यावर काटकोनात काढलेली, आडवी रेघ म्हणजे लघुअक्ष. दीर्घाक्षाची लांबी मोजली तर ती दोऱ्याइतकीच, १ मीटर भरते, खिळे कितीही जवळ किंवा दूर ठोका. खिळे सरकवले की बदलतो तो फक्त लघुअक्ष. खिळ्यांमधलं अंतर भागिले दोऱ्याची लांबी, या संख्येला विमध्यता म्हणतात. दोन्ही खिळे एकाच जागी आले तर विमध्यता शून्य, आणि आकृती होते शुद्ध वर्तुळ. आपला दोरा १०० सेंटिमीटरचा असल्यामुळे सोय अशी की खिळ्यांमधलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजलं की विमध्यता शंभरपट होऊन समोर येते.

पृथ्वीच्या कक्षेची विमध्यता आहे ०.०१६७. म्हणजे आपल्या फळीवर दोन खिळ्यांत अंतर हवं १.६७ सेंटिमीटर, पावणेदोनपेक्षाही कमी. दहावीतल्या पुतणीकडून हे काढून घेतलं तेव्हा पेन्सिल फिरवून झाल्यावर ती म्हणाली, "काका, हे तर गोलच आहे!"

"पट्टी लावून बघ."

तिने उभं मोजलं, आडवं मोजलं. दोन्हीकडे १०० सेंटिमीटर. "फरकच नाही. मग पुस्तकात ते अंड्यासारखं कशाला काढलंय?"

फरक आहे, पण पट्टीवर दिसणार नाही. दीर्घाक्ष १०० सेंटिमीटर असेल तर लघुअक्ष ९९.९८६ सेंटिमीटर. फरक ०.१४ मिलिमीटरचा. पेन्सिलची रेघच त्याहून जाड असते! आणि त्याच आकृतीत सूर्याचा खिळा मात्र मध्यापासून ८ मिलिमीटरहून जास्त सरकलेला आहे. तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो. खऱ्या आकड्यांत बोलायचं तर पृथ्वीच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. अर्धलघुअक्ष त्याच्यापेक्षा जेमतेम २१ हजार किलोमीटरने कमी. पण सूर्य कक्षेच्या मध्यापासून २५ लाख किलोमीटर बाजूला आहे. सूर्याची त्रिज्या ७ लाख किलोमीटरच्या आसपास असते, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचा मध्यबिंदू सूर्याच्या आतही पडत नाही. तो बराच बाहेर, मोकळ्या अवकाशात आहे.

या लेखातली मुख्य गोष्ट हीच, म्हणून ठासून सांगतो. ग्रहांच्या कक्षा चपट्या आहेत म्हणून अंतर बदलतं असं नाही. कक्षा जवळपास वर्तुळच आहेत. सूर्य त्या वर्तुळाच्या मध्यात नाही, म्हणून अंतर बदलतं.

खिळा एवढा सरकतो आणि आकार जवळपास तसाच राहतो, हे कसं? इथे पायथागोरस उपयोगी पडतो. पेन्सिल लघुअक्षाच्या टोकावर न्या. तिथे दोऱ्याचे दोन समान भाग होतात, प्रत्येक ५० सेंटिमीटरचा, म्हणजे बरोबर अर्धदीर्घाक्षाएवढा. आता खिळा, आकृतीचा मध्य आणि पेन्सिल या तीन बिंदूंचा काटकोन त्रिकोण बघा. कर्ण ५० सेंटिमीटर, एक बाजू म्हणजे खिळ्याचं मध्यापासूनचं अंतर, उरलेली बाजू अर्धलघुअक्ष. खिळा ०.८३५ सेंटिमीटर सरकला तर त्याचा वर्ग ०.७ च्या आसपास. कर्णाचा वर्ग २५००. त्यातून ०.७ वजा केले तर काय फरक पडणार? लहान संख्येचा वर्ग करताना ती आणखी लहान होते, सगळी खुबी तिथे आहे.

याच त्रिकोणातून आणखी एक सुरेख गोष्ट निघते. ग्रह लघुअक्षाच्या टोकावर असतो तेव्हा त्याचं सूर्यापासूनचं अंतर बरोबर अर्धदीर्घाक्षाएवढं असतं. पृथ्वी अशा जागी एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात असते. पुस्तकातलं "सूर्यापासूनचं सरासरी अंतर" म्हणजे हेच. सगळ्यात जवळचं अंतर आणि सगळ्यात लांबचं अंतर यांची बेरीज करून निम्मी केली तरी तेच उत्तर येतं, कारण हे दोन बिंदू, उपसूर्य आणि अपसूर्य, दीर्घाक्षाच्याच दोन टोकांवर असतात. १४.७१ आणि १५.२१ कोटी, मध्य १४.९६.

बाकीच्या ग्रहांना त्याच फळीवर आणू. शुक्राची विमध्यता ०.००७ च्या आसपास, खिळे जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. नेपच्यूनही तसाच. बुधाची मात्र ०.२०६, आठ ग्रहांत सगळ्यात जास्त. फळीवर खिळ्यांत २०.६ सेंटिमीटर अंतर ठेवायचं. सूर्य मध्यापासून १० सेंटिमीटर सरकतो, तरी लघुअक्ष भरतो जवळपास ९८ सेंटिमीटर! इतका ओढाताण झालेला ग्रह, आणि त्याची कक्षासुद्धा चपटी फक्त २ टक्क्यांनी. पण त्याचं सूर्यापासूनचं अंतर ४ कोटी ६० लाखांपासून ६ कोटी ९८ लाख किलोमीटरपर्यंत झोके घेतं. प्लूटोची विमध्यता पाव म्हणजे ०.२५ च्या जवळ आहे. त्यामुळे १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता.

मग नागपूरचा मे इतका का तापतो? कारण तिरप्या आणि सरळ किरणांचं आहे. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी गडप होते. शून्य सावलीचा तो दिवस नवतप्यातच पडतो. दिवस सव्वातेरा तासांचा असतो, हवा कोरडी असते आणि पाऊस अजून आलेला नसतो. डिसेंबरअखेर मात्र सूर्य दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच राहतो आणि दिवस अकरा तासांपेक्षा लहान असतो. अंतराचा परिणाम अजिबात नाही असं नाही. जानेवारीत सबंध पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त सूर्यप्रकाश मिळतो. पण नागपूरच्या थंडी-उन्हाळ्याचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा आहे आणि तो पृथ्वीच्या आसाच्या कलण्याने येतो.

कक्षा वर्तुळाच्या इतक्या जवळ असतील तर त्या वर्तुळ नाहीत हे कुणाला कळलं तरी कसं? इथे मंगळाचे आभार मानायला हवेत. मंगळाची विमध्यता ०.०९३. फळीवर लघुअक्ष ९९.५६ सेंटिमीटर भरतो, फरक जवळपास साडेचार मिलिमीटरचा. योहानेस केप्लरच्या हातात टायको ब्राहेने वर्षानुवर्षं नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय घेतलेली मंगळाची निरीक्षणं होती. केप्लरने आधी वर्तुळच बसवून पाहिलं. सूर्य मध्यापासून सरकवला, वेग बदलता ठेवला, सगळं केलं. तरी गणित आणि निरीक्षण यांत आठ कलांचा फरक उरला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पूर्ण चंद्रबिंबाच्या साधारण एक चतुर्थांश एवढा. दुसऱ्या कुणी तो निरीक्षणाची चूक म्हणून सोडून दिला असता. केप्लरला टायकोच्या मोजमापाची खात्री होती, त्याने वर्तुळ सोडून दिलं. मंगळाची कक्षा आडवी दबलेली आहे आणि तो दाब अर्ध्या रुंदीत लाखात ४२९ भाग आहे, असा त्याचा हिशेब निघाला. आजच्या आकड्यांशी तो इतका जुळतो की बघून थक्क व्हायला होतं. १६०९ साली त्याने लंबवर्तुळ जाहीर केलं. हाताशी फक्त शुक्राची निरीक्षणं असती तर हा शोध त्यांतून लागलाच नसता.

आपल्या सिद्धान्तग्रंथांतले ज्योतिषीही सूर्य-चंद्रांचा हिशेब मध्यापासून सरकलेल्या वर्तुळाने करत. मंदोच्च (जिथे गती सगळ्यात मंद तो बिंदू) आणि मंदफल (त्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती) हे शब्द पंचांगात आजही आहेत ते त्यातूनच आलेले. पृथ्वीच्या बाबतीत खरी गोष्ट सरकण्याचीच आहे हे लक्षात घेतलं की ती पद्धत इतकी चांगली उत्तरं का देत होती, ते समजतं.

आता दीर्घाक्षाकडे येऊ, कारण दोघांत थोरला तोच आहे. ग्रहाचं वर्ष किती मोठं, हे फक्त दीर्घाक्षावर ठरतं. लघुअक्षाला त्यात काडीचंही मत नाही. केप्लरचा तिसरा नियम: वर्षाच्या लांबीचा वर्ग हा अर्धदीर्घाक्षाच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचा अर्धदीर्घाक्ष एक एकक मानला आणि काळ पृथ्वीच्या वर्षांत मोजला तर वर्ग आणि घन सरळ सारखेच येतात. गुरूचा अर्धदीर्घाक्ष ५.२. त्याचा घन साधारण १४०.६. वर्गमूळ ११.८६. गुरूला सूर्याभोवती फिरायला तेवढीच वर्षं लागतात. बारा वर्षांनी येणारं सिंहस्थ आणि कुंभमेळा या आकड्याला बांधलेले आहेत.

हॅलेच्या धूमकेतूवर हा नियम लावून बघा. त्याची विमध्यता ०.९६७. फळीवर खिळे जवळजवळ दोन टोकांना जातात, आणि १ मीटर लांबीच्या आकृतीची रुंदी उरते २५ सेंटिमीटर. हा खरा चपटा आकार, पुस्तकातलं अंड्याचं चित्र याला शोभेल. सूर्याचा खिळा टोकापासून दीड-पावणेदोन सेंटिमीटरवर. जवळच्या टोकाला धूमकेतू बुध आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मधून जातो. लांबच्या टोकाला नेपच्यूनच्या पलीकडे, ३५ एककांवर. अर्धदीर्घाक्ष १७.८. त्याचा घन केला, वर्गमूळ काढलं, तर ७५ येतात. १९८६ साली तो सूर्यापाशी येऊन गेला, आता २०६१ साली येणार. आणि १७.८ एकक त्रिज्येच्या शुद्ध वर्तुळात एखादा ग्रह फिरत असता तर? त्यालाही तीच ७५ वर्षं लागली असती. एक सूर्याला जवळजवळ घासून जातो, दुसरा कधी जवळ फिरकतच नाही, तरी वर्ष एकच. मला तरी खगोलशास्त्रातल्या साध्या गोष्टींमध्ये याहून नवलाची दुसरी वाटत नाही.

मग लघुअक्षाचं काम काय? त्याच्यामुळे कक्षेचं क्षेत्रफळ ठरतं. केप्लरचा दुसरा नियम सांगतो की सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेघ समान वेळात समान क्षेत्रफळ व्यापते. ग्रह जवळ असताना रेघ आखूड, म्हणून तेवढंच क्षेत्रफळ भरायला ग्रहाला पळावं लागतं. लांब असताना रेघ लांब, थोडं सरकलं तरी पुरतं. सेमिनरी हिल्सचा चढ सायकलने चढताना वेग मंदावतो आणि उतरताना आपोआप वाढतो, तसंच सूर्यापासून लांब जाणं हा ग्रहासाठी चढ आहे. हॅलेचा धूमकेतू सूर्यापाशी सेकंदाला ५४ किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लांबच्या टोकाला पोहोचला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १ किलोमीटरही नव्हता.

पृथ्वीच्या वेगात असा टोकाचा फरक नाही. जानेवारीत सेकंदाला ३०.३ किलोमीटर, जुलैत २९.३. पण हा एक किलोमीटर आपल्या घराघरांत पोहोचलेला आहे. मार्च ते सप्टेंबर, म्हणजे वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत (दिवस-रात्र सारखे असण्याचे हे दोन दिवस) १८६ दिवस लागतात. सप्टेंबर ते मार्च हा उरलेला अर्धा फेरा १७९ दिवसांत संपतो. आकाशवाणीच्या बातम्यांत सांगतात त्या भारतीय सौर दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे आणि आश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे आहेत, ते उगाच नाही. १९५७ साली ही दिनदर्शिका स्वीकारली गेली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने महिन्यांच्या लांबीत पृथ्वीचा मंद आणि जलद वेग मुद्दाम बसवला.

अधिक महिन्यात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. सूर्य एका राशीतून दुसरीत जायला सरासरी साडेतीस दिवस घेतो. पण मिथुन राशीत असताना, जून-जुलैत, पृथ्वी सावकाश चालत असल्यामुळे त्याला जवळपास साडेएकतीस दिवस लागतात. सूर्याच्या एका संक्रांतीपासून दुसऱ्या संक्रांतीपर्यंत एवढी ऐसपैस जागा असली की दोन अमावास्या तिच्यात मावण्याची शक्यता वाढते आणि धोंड्याचा महिना येतो. म्हणूनच २०२० साली अधिक आश्विन, २०२३ साली अधिक श्रावण, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. धनू राशीत उलट, डिसेंबर-जानेवारीत, सूर्य साडेएकोणतीस दिवसांपेक्षाही कमी वेळात पुढे जातो. तिथे चांद्र महिनाच मोठा ठरतो. अशा वेळी एका चांद्र महिन्यात दोन संक्रांती पडू शकतात, आणि मग क्षयमास होतो. तो फार दुर्मीळ. १९६३-६४ आणि १९८२-८३ साली आला होता आणि नेहमी हिवाळ्याच्या आसपासच्या महिन्यांतच येतो. जावयाला अनारसे पौषात का मिळत नाहीत, याचं उत्तर पृथ्वीच्या उपसूर्य बिंदूत आहे.

हेच दोन अक्ष इस्रोच्या बातम्यांतही असतात, फक्त नाव न घेता. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ उडालं तेव्हा छापून आलं की यान १७० × ३६,५०० किलोमीटरच्या कक्षेत आहे. पुष्कळांना वाटलं, हे लांबी-रुंदीचे आकडे. तसं नाही. दोन्ही आकडे पृथ्वीच्या पृष्ठभागापासूनची उंची सांगतात, जवळच्या टोकाची आणि लांबच्या टोकाची. दीर्घाक्ष हवा असेल तर या दोघांत पृथ्वीचा व्यासही मिळवायला हवा, कारण नाभी पृथ्वीच्या केंद्रात आहे. बेरीज येते सुमारे ४९,४०० किलोमीटर, अर्धदीर्घाक्ष २४,७००. दोन उंचींच्या फरकाचं निम्मं, म्हणजे सुमारे १८,१६५ किलोमीटर, एवढं पृथ्वीचं केंद्र कक्षेच्या मध्यापासून सरकलेलं. एकाला दुसऱ्याने भागलं की विमध्यता ०.७३ ते ०.७४. दोन आकड्यांवरून सगळी कक्षा हातात आली.

पुढे यानाचं इंजिन बहुतेक वेळा पृथ्वीजवळच्या टोकापाशी पेटवलं गेलं, आणि तेव्हा उंची वाढली ती लांबच्या टोकाची. जिथे धक्का दिला तो बिंदू नव्या कक्षेवरही असतोच, यान तिथे परत येणारच. वेग वाढल्याने दीर्घाक्ष लांबतो, आणि तो लांबतो पलीकडच्या बाजूला. असं करत लांबचं टोक सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलं आणि मग यान चंद्राच्या वाटेला लागलं. ५ ऑगस्टला चंद्राभोवतीची पहिली कक्षा १६४ × १८,०७४ किलोमीटरची होती. तिथे उलटं काम, प्रत्येक वेळी वेग कमी करायचा आणि दीर्घाक्ष आखडायचा. १६ ऑगस्टला कक्षा १५३ × १६३ वर आली. दोन आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे खिळे एकमेकांजवळ आले, कक्षा वर्तुळ झाली. हे सगळं आपण टीव्हीवर पाहत होतो, पण दोन आकड्यांमधली ही हालचाल कुणी समजावून सांगितली असती तर उतरण्याच्या दिवसाइतकाच तो आधीचा महिनाही रंगला असता.

दोन अक्षांनी कक्षेचा आकार आणि मोठेपण कळतं. ती अवकाशात कुठे तोंड करून आहे, किती कललेली आहे, हे सांगायला आणखी तीन कोन लागतात. त्यांच्यात इथे शिरत नाही. एक मात्र सांगायला हवं: दीर्घाक्ष एका दिशेला कायमचा रोखलेला नसतो. इतर ग्रहांच्या ओढीने तो हळूहळू फिरतो. बुधाचा दीर्घाक्ष इतरांच्या ओढीने जेवढा फिरायला हवा त्यापेक्षा शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जास्त फिरतो, आणि न्यूटनच्या नियमांत हा फरक बसेना. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिएने १८५९ साली ही अडचण दाखवून दिली. १९१५ साली आइन्स्टाइनने नव्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्ताने नेमका तोच आकडा काढला. पृथ्वीच्या बाबतीत, ऋतूंच्या हिशेबाने पाहिलं तर उपसूर्याचा दिवस साधारण ५८ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकतो. तेराव्या शतकाच्या मध्याला तो वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी पडत होता. आणखी सुमारे दहा हजार वर्षांनी तो जुलैत येईल.

शेवटी, दोरा आणि खिळे जिथे काम करेनासे होतात तिथे येऊ. विमध्यता एकाच्या जवळ न्यावी तशी आकृती लांबच लांब होत जाते. बरोबर एक झाली की ती मिटतच नाही, एका बाजूला उघडी राहते. एकाच्या पुढे गेली की वक्र अपास्त (हायपरबोला) होतो, आणि त्या वाटेने आलेली वस्तू सूर्याला एकदाच वळसा घालून कायमची निघून जाते. २०१७ साली सापडलेल्या ओमुआमुआची विमध्यता १.२ होती, २०१९ च्या बोरिसॉव्ह धूमकेतूची ३.४ च्या आसपास. १ जुलै २०२५ ला सापडलेल्या थ्री-आय अ‍ॅटलासची ६ च्या वर निघाली, आणि थोड्याच निरीक्षणांवरून कळलं की हा पाहुणा दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडचा आहे.

पण एकाहून जास्त विमध्यता दिसली की लगेच परका ठरवायचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये संध्याकाळी पश्चिमेला दिसलेल्या त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतूची विमध्यता सूर्याजवळ असताना एकाहून अगदी किंचित जास्त होती. तो आपल्याच सूर्यमालेचा. सूर्यमालेच्या कडेला, फार लांब असलेल्या बर्फाळ वस्तूंच्या ऊर्ट मेघातून आलेल्या अशा धूमकेतूची कक्षा आधीच एकाच्या अगदी काठावर असते, आणि वाटेत गुरूसारख्या मोठ्या ग्रहांची जराशी ओढही तिला काठाच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलू शकते. म्हणून खगोलशास्त्रज्ञ ग्रहांच्या ओढीचा हिशेब उलटा मांडून, धूमकेतू ग्रहांच्या टापूत शिरण्याआधी त्याची विमध्यता किती होती ते काढतात, आणि तो आपला की परका हे त्या आकड्यावरून ठरवतात.